आजोबा रडले तो शॉट

एकट्या म्हाताऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या कचेरीबाहेर शिवणकाम करणाऱ्या एक बाई वडिलांच्या चाकाच्या खुर्चीसाठी अर्ज घेऊन बसल्या होत्या. शेजारी कॉलेजातला एक मुलगा नि एक मुलगी, मांडीवर लॅपटॉप. संस्थेसाठी एका एकट्या आजोबांवर केलेली छोटी फिल्म दाखवायला आली होती. बाईंच्या कानावर सगळं पडत होतं.

“आजोबा रडतात तो शॉट कुठाय?”

“काढला.”

“अरे, डोकं फिरलंय का तुझं? पाच गटांतून संस्थेनं आपल्याला निवडलं. इथल्या मॅडम म्हणाल्या ना, असा शॉट बघूनच लोक मदत करतील!”

“माहितेय.”

“मग?”

“गेलेल्या आजींचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, कॅमेरा बंद कर बाळा. मी हो म्हटलं, आणि चालूच ठेवला.”

“मला बोलला नाहीस.”

“कुठल्या तोंडानं सांगणार?”

“त्यांना कळलं?”

“नाही गं. उलट निघताना माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू आवळून दिला. म्हणाले, हलतोय रे, चित्र बिघडेल तुझं.”

मुलीनं लॅपटॉपवरचे फोल्डर चाळले.

“तो शॉट दुसरीकडे कुठे ठेवलायस?”

“नाही. पुसून टाकला.”

आतून हाक आली. मुलगा उठेना. बाईंनी पाय आखडून वाट करून दिली. मुलीनं लॅपटॉप उचलला.

“चल. आत मी बोलते.”

“काय सांगणार?”

“आजोबांनी कॅमेरा बंद करायला सांगितला, आणि आपण केला.”