जावयाचे धोंडे आणि हिंगाची डबी

हॅलो?… कोण, नर्मदाअक्का व्हय! बोल, बोल. न्हाई गं, ओरडायले कुठं? कुकर वाजायलाय.

हो, हो, आजच. राजेश्री अन् जावई स्टँडवर उतरले बी. अगं, लग्नानंतरचा पयला धोंड्याचा महिना. जावयाला धोंडे खाऊ घातल्याबिगर सोडते का मी?

…कळतंय अक्का. गहू चालत न्हाई त्यांला. माझ्यापरीस कुणाला ठाऊक? दिवाळीत चार पुरणपोळ्या मीच वाढल्या ना, "एक घ्या, माझी शपथ हाय" म्हणून! पोटाला सोसत न्हाई म्हणत म्हणत बिचारे संकोचानं खात गेले, दुसऱ्या दिवशी सलाईनवर. डॉक्टर म्हणले, गहू जन्मभर बंद. अन् मी काय म्हणले? "आजकालची पोरं नाजूक."… ऐकलं ना राजेश्रीनं! तवापासून पोरीनं उंबरा शिवला न्हाई. आज यायलीय, म्हणून जीव मुठीत धरून बसलेय.

काय?… ज्वारीचे धोंडे. हस, हस. पयला घाणा उकळत्या पाण्यात सोडला, तर पुरण एकीकडं, ज्वारी एकीकडं. ह्यांनी वाटीत घेऊन पेलं, म्हणले, "वरण झकास झालंय." दुसरा घाणा शेजारच्या सरजाबाईच्या कुत्र्यानं हुंगून सोडला. मग पिठाची उकड काढली, पुरण भरलं, चाळणीवर वाफवले. जमले गं! तेहतीस, मोजून.

दळण?… अगं, सकाळी सातला गिरणीत जाऊन बसले. आधी कुणाचा गहू दळला की त्याचं पीठ आपल्यात येतंय ना. म्हणून झाडू घेऊन मीच गिरणी झाडली. सिताराम गिरणीवाला म्हणला, "बाई, रोज येत जा."

अन् काल राजेश्री काय म्हणली, ठाऊक हाय का? "आई, आमी डबा आणू का?"… न्हाई तर काय! जावई सासूच्या दारात डबा घेऊन येणार? धोंड्याच्या महिन्यात? म्हणलं, "खबरदार! मी काय येडी हाय का?"

बाकी?… आंब्याचा रस, ज्वारीचे पापड, वांग्याची भाजी, कैरीची आमटी… घातला की! हिंगाबिगर आमटीला काय चव?

काय?… हिंगात काय?… कोण म्हणली, बबिता? तुझ्या सुनेला बी काय… थांब, डबी बघते. अहो, हे वाचा बरं, लय बारीक लिहिलंय…

अक्का. गव्हाचं पीठ हाय गं ह्यात.

आमटीत घातलाय. भाजीत घातलाय. लोणच्यात तर चमचाभर! गिरणी झाडली अन् घरातली डबी न्हाई बघितली. एवढं शहाणपण ठेवू कुठं मी?

…न्हाई, न्हाई. गप कशी बसू? चिमटीभर असू दे न्हाई तर कणभर. दिवाळीला बी "एकानं काय होतंय" असंच म्हणले होते.

बेल वाजली. आले गं! ठेवू नको अक्का, धर जरा.

या, या जावईबापू. थांबा, पायावर पाणी मग घालते, आधी ऐका. आमटी, भाजी, लोणचं, कशालाच हात लावू नका. हिंग घातलाय, त्यात गहू हाय. मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं… दिवाळीला बी चुकलंच होतं, तवा बोलले न्हाई. धोंडे अन् रस तेवढा घ्या. त्यात हिंग न्हाई.

राजेश्री, काऊन रडायलीस?… हसायलीस का रडायलीस, एक कायतरी कर बाई.

पिशवीत काय?… आणलाच का?

अक्का, हायेस का? डबा आणलाय गं! भाकरी अन् वरण. बिनहिंगाचं… कुणी केलं? जावयांनी, महारुद्ररावांनी? सोताच्या हातानं?… "सासूबाईंला बी पुरंल" म्हणायलेत.

न्हाई गं, राग कशाचा. चार ताटं घ्यायलेय. पर हे बबिताला सांगू नको हां. सासू जावयाच्या हातचं जेवली म्हणून पार चुडावा गावापोत्तर बोभाटा… काय? फोन कवापासून स्पीकरवर हाय?

बबिता, हसू नको!… बरं, ऐक. वेळेवर सांगितलंस बाई. तुझ्यासाठी चार धोंडे काढून ठेवते. न्हाई, न्हाई, फुटलेले न्हाईत, चांगले.

आता ठेव अक्का. राजेश्रीनं तिचं ताट माझ्या शेजारी मांडलंय.