फुकटचे पाच धडे

न्हाय न्हाय साहेब, तिथं नका बसू, तिथं बोकड बसतो—म्हंजे बसतो म्हणायचं, करतो दुसरंच. या बाजेवर या. चहा ठिवलाय. व्हय, मीच तो उत्कर्ष—पाच दिवस सकाळी सकाळी तुमाला ईमेल पाठवणारा. का, म्हातारा वाटलो व्हतो? लोकास्नी तसंच वाटतं. एक बाई तर उत्तरात 'आदरणीय गुरुजी' लिहायची. आन् घरात माझं नाव काय, तर बिनकामी. बापानं नाव ठिवलं उत्कर्ष, आन् डिप्लोमा सोडून आलो त्या दिवशी म्हणला, आता नावबी सोड.

सोडला का? मग काय करणार—मास्तर फळ्याकडं तोंड करून पुस्तक वाचायचा, आमी मागून त्याच्याकडं बघत बसायचो. दोन वर्षांत बाकी काय आलं न्हाय, मास्तरची पाठ तेवढी तोंडपाठ झाली. घरी आलो तर हितं आप्पा—ते काय, दाराशी उकिडवे बसलेत, काळ्याभोर मिशांचे—माझे वडील. ते आन् माझे चुलते बब्रुवान तात्या, दोघं जल्मभर बाजारात शेळ्या विकतात. धंदा असा की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा त्या बाजाराकडंच फिरकत न्हाय. म्या म्हणलं, ऑनलाईन विकू. वेबसाईट केली, फोटो टाकले. काळी शेळी अंधाऱ्या गोठ्यात—नुसते डोळे दिसायले! मग कळलं, खरी गोष्ट फोटोची न्हाय, भीतीची हाय. तुमच्यावाणी पगारी माणसं—रागवू नका, पर शनिवार-रविवारचे शेतकरीच ना तुमी—त्यास्नी शेळी पाहिजे, आन् फसू ही भीतीबी हाय. तर ती भीतीच काढायची. 'न फसता शेळी कशी घ्यावी—पाच दिवस, पाच छोटे धडे, फुकट.' ईमेलचा पत्ता द्या, धडा घ्या. ज्यानं शिकवलं तो ओळखीचा झाला, आन् माणूस घेतं कुणाकडून? ओळखीच्याकडून. हाय का न्हाय साधं?

हे साधं आप्पांच्या डोक्यात शिरंना. "आमी केस पांढरे होईस्तोवर जे झाकलं ते तू गावभर फुकट वाटायलास? मास्तरबी पगार घेतो!" आता आप्पा, तुमी जे झाकलं त्याला विद्या म्हणायचं का लबाडी, हे आधी ठरवा की! बघा, कसं तिकडं तोंड केलं. ऐकू येतंय समदं त्यास्नी.

आन् तात्यांचं तर इचारूच नका. चाचणी म्हणून पहिला पत्ता म्या त्यांचाच टाकला. ही मेलं आपोआप जातात, नाव मशीन घालतं—मशीनला काय कळतंय चुलता कोण आन् मेव्हणा कोण. आन् म्या गिऱ्हाईकाला जवळचं वाटावं म्हणून तू-तू लिहिलेलं, जाहिरातीत असतं तसं. तात्यांच्या फोनवर काय गेलं—"बब्रुवान, उद्यापासून रोज तुला धडा शिकवणार!" झालं. तात्या म्हंजे तेरखेड्याचा फटाका, वात दिसायच्या आत उडतो. काठी घेऊन दारात, संगं तंटामुक्तीचे अध्यक्ष कल्याणप्पा. "चुलत्याला धडा शिकवतो व्हय? ये, शिकव!" म्या म्हणलं, तात्या, धडा म्हंजे पाठ, शाळंतला पाठ. तर म्हणले, "मग कर पाठ इकडं!" कल्याणप्पा मधी पडले, बाबापुता करून तात्यास्नी घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फोनवर पुन्हा टिंग—"बब्रुवान, पहिला धडा : तोंड उघड, दात मोज." अहो, शेळीचं! शेळीचं वय दातावरून कळतं ते! पर कल्याणप्पांनी तंटामुक्तीच्या कागदावर तक्रार लिहून घेतली, 'पुतण्या दात पाडायच्या गोष्टी करायलाय.' माझ्या लेखी माफीवर मिटलं. तवापासून मेलात 'तुमी' घालतो. तुमाला 'तुमी'च आलं असंल—हां.

हसताय तुमी. हसा. पर एक सांगतो—सांगू नये, तरी सांगतो. मेलं वाचणारी रग्गड, गोठ्यापातूर आलेले तुमी पहिलेच. आप्पा म्हणलेत, आज ही शेळी गेली तर कर तुझं ते ईमेलाचं. न्हाय गेली तर उद्या येडशीहून गाडी धर. चाकणला आमच्या दाजींनी वॉचमनची जागा बघून ठिवलीय. बॅगबी भरली, ती काय खुंटीला—म्या न्हाय, आप्पांनी भरली. लेकाची बॅग भरायला लई हौस! दुसऱ्याच्या फाटकाला सलाम ठोकत जिंदगी काढायची, ती चालंल. घरात बसून चार अक्षरं खरी लिहिली, ती न्हाय चालत.

तर ही शेळी. बघा की—चार दाती, म्हंजे दोनेक वर्षांची, तुमाला काय सांगायचं, तुमी शिकलेले. करडं तिचीच दोन्ही. सोडून बघा... गेली ना सरळ कासंला? दुसरीची असती तर तिनं हुंगून धडक दिली असती. कास जरा जास्तच भरल्यावाणी वाटती म्हणता? व्हय, तिसरा धडा, दूध तुंबवून दाखवतात. आप्पांनी पहाटंपासून करडं बांधूनच ठिवली व्हती, पर म्या चोरून पाजली की! तरी एवढी भरली, म्हंजे बघा दूध किती—काय आप्पा, खोकताय कशाला?

ओलं फडकं? हां, चौथा धडा, रंग. बिनधास्त पुसा साहेब. या घरात कलप लागतो फक्त आप्पांच्या मिशीला. पाठ पुसा, पोट पुसा, कान पुसा—कान... थांबा. थांबा, बघू ते फडकं—काळं झालं की!

आप्पा!

मिशीचीच पुडी ना? आन् वर म्हणतात, कानावर पांढरे ठिपके व्हते, पुण्याच्या साहेबाला काळी कुळकुळीत आवडंल! साहेब, ऐका. ऐका, फडकं ठिवा खाली. उस्मानाबादी शेळीच्या कानावर ठिपके असतात, असतातच—जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून कान बदलत न्हाईत. ही अस्सल हाय! जल्मभर या माणसानं खोटा माल खरा म्हणून खपवला, आन् आज हातात खरा व्हता तर त्याला खोटा करून ठिवला! सवय, साहेब, नुसती सवय. ही समदी म्हातारी अशीच, खरं उघडं दिसलं की त्यास्नी लाज वाटती, झाकायला पळतात. दुसरा कानबी पुसा, म्या पाणी आणतो, वाटल्यास साबण आणतो, शेळीला अंघोळ घालतो तुमच्यासमोर—मी खोटं लिहिलं का एक तरी ओळ? न्हाय ना? मग उठताय कशाला? चप्पल का घालताय? तुमी गेलात तर मी चाकणला गेलो साहेब, आन् हे जिंकले, ह्यांची मिशी जिंकली, अहो शेळी एवढी गुणाची की—

काय?

पाचवा धडा?

...'विकणारा लई बोलायला लागला की उठायचं. तो गप झाला तरच बसायचं, आन् मग आपल्या डोळ्यांनी बघायचं.'

लिहिलंय. म्याच लिहिलंय.

बरं. बसा. बघा तुमी निवांत, न्हाय बोलत मी. आप्पा, उठू नका, काय सांगू नका त्यास्नी, एक शब्द न्हाय. हाताची घडी घाला, तोंडावर बोट. असं. माझ्यावाणी.