वरच्या मजल्याची भाची

(कर सल्लागाराचं ऑफिस. समोरच्या खुर्च्यांवर मावशी आणि त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी नर्स.)

सल्लागार : भाची आहे म्हणता, मग दर महिन्याला भाडं कशाचं घेता?

मावशी : अहो, सख्खी नाही. सख्खी काय, लांबचीही नाही. गल्लीत तसं सांगून ठेवलंय. भाडेकरू म्हटलं की चार जण विचारणार, किती घेता, कर भरता का. भाची म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद.

नर्स : मला तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मावशीच म्हणायचं. मग सवयच लागली.

सल्लागार : आणि भाड्यावरचा कर?

मावशी : सहा वर्षांत दमडी भरली नाही. हे गेले, पेन्शन अर्ध्यावर आली, छप्पर गळायला लागलं. म्हटलं, दोन खोल्यांचं भाडं ते केवढं, कोणाला कळतंय!

सल्लागार : मग आता कळलं वाटतं कोणाला? नोटीस आली?

मावशी : नोटीस कसली! हिची मैत्रीण आली होती चहाला, हॉस्पिटलातलीच. सहज बोलून गेली, की आम्ही सगळ्या भाड्याच्या पावत्या देतो, पगारातून कर कमी कापतात. ही मात्र वेड्यासारखी पूर्ण कर भरते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पावती म्हणजे माझं नाव आलं ना!

नर्स : जाऊ द्या ना, मावशी.

मावशी : का जाऊ देऊ? चोरी माझी आणि भुर्दंड हिला! आणि तोंडातून चकार शब्द नाही.

सल्लागार : खरंच, पावती का नाही मागितलीत?

नर्स : तेव्हा एकट्या बाईला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. रात्रपाळी म्हटलं की नाकं मुरडायचे. यांनी फक्त विचारलं, जेवलीस का? आणि किल्ली हातात दिली. माझी पाळी सुटेपर्यंत ह्या खाली खुर्चीत पेंगत बसायच्या, मला दार वाजवावं लागू नये म्हणून. अशा माणसाला अडचणीत घालून मी चार पैसे वाचवू?

मावशी : ऐकलंत? आणि माझे दीर म्हणतात, पोरीला जागा सोडायला सांग, कटकट मिटेल.

नर्स : तसं असेल तर मी सोडते, मावशी. मनापासून सांगते.

मावशी : तू गप्प बस. भावजींना गप्प केलंय, आता तुझी पाळी.

सल्लागार : जागा सोडून मागचा कर काही सुटत नाही. स्वतःहून आलात, म्हणून दंड कमी बसेल. व्याज मात्र द्यावं लागेल. दुरुस्तीपोटी ठरावीक वजावट मिळेल. तरी रक्कम जड जाईल, आजी.

मावशी : दोन बांगड्या आहेत.

नर्स : बांगड्यांना हात लावायचा नाही! हप्ते मिळतात का हो?

सल्लागार : अर्ज केला तर मिळतील.

नर्स : मग झालं. यापुढे मला पावती मिळेल, त्यात माझे वाचतील ते हप्त्यात घालू.

मावशी : तुझा एक पैसाही घेणार नाही. सरकारचं देणं मी फेडीन, उपाशी राहून फेडीन. तुझं काही फिटायचं नाही गं बाई. आणि फिटू नयेच.

सल्लागार : मग भाडं जाहीर करतोय आपण, सगळ्या वर्षांचं. इथे सही करा.

मावशी : कुठे? ए, जरा बोट ठेव इथे, मला दिसत नाही.

नर्स : चष्मा डोळ्यांवरच आहे, मावशी.

मावशी : माहितीये मला. तू बोट ठेव.