शून्य कुठे धरायचं

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन जुळ्या बहिणी होत्या, नुकत्याच फिजिक्सचा पेपर देऊन आलेल्या.

“वरच्या प्लेटचं पोटेन्शियल किती आलं गं तुझं?”

“बारा व्होल्ट. खालचीचं शून्य.”

“मेले मी! माझं वरचीचं सहा, खालचीचं वजा सहा.”

“वजा? शून्य धरलंस तरी कुठे?”

“दोन्हींच्या मधोमध. सरच म्हणतात ना, कुठेही धरा!”

“थांब, रडू नकोस. तुझ्या दोन प्लेटांत फरक किती?”

“बारा.”

“माझ्याही बाराच! अगं वेडे, दोघींचं बरोबर!”

“आणि मी बाकीच्यांचं बारा ऐकून जिन्यात रडून घेतलं!”

“लहान ती लहानच. सात मिनिटांनी मोठी आहे मी, आधी मला विचारायचंस.”

“हो का? मग आजपासून शून्य माझ्या जन्माला धरायचं!”

“धर खुशाल. मी तरीही सात मिनिटांनी मोठीच!”