उघडलेलं समन्स

—हळू बोल गं, कोर्टाच्या अख्ख्या फाटकाला ऐकवायचंय का? बस त्या बाकड्यावर. भावाला काल कामावरून उचलला, तारखेला हजर राहिला नाही म्हणून वॉरंट निघालं होतं — कळलं, चारदा सांगितलंस. आणि समन्स मिळालंच नाही म्हणतेस. कसं मिळेल? पूर्वी बेलीफ यायचा, दार वाजवायचा, सही घ्यायचा. शेजारीपाजारी बघायचे, लाज वाटायची, पण कळायचं तरी! आता सगळं ईमेलवर. शी! तीनशे पानांचं आरोपपत्र पाठवतात, उभं पान आडवं, आडवं ते उलटं, आणि माणसानं मोबाईलवर मान वाकडी करून वाचायचं. वकील म्हणतात सोय झाली. त्यांची झाली, मेल्यांची.

फॉर्म? हो, मीच भरला, इथं टेबल टाकून सगळ्यांचे भरते तसा. जामिनाच्या वेळी तूच आली होतीस ना त्याच्याबरोबर? विचारलं होतं मी, ईमेल काय म्हणून. तो तुझ्या तोंडाकडे बघतोय, तू त्याच्या. रकाना रिकामा ठेवला तर ते मशीन पुढचं पान उघडत नाही — मग मी काय करायचं, मागं वीस माणसं उभी? टाकला माझा. सगळ्यांचाच टाकते. दोनशे चौदा जणांचं कोर्ट माझ्या या मोबाईलमध्ये येतं, आहेस कुठं! हसू नकोस. हसत नाहीयेस, बरं.

तर आलं असेल तुझ्या भावाचंही. असेल काय, आलंच. नऊ तारखेला. सांगते मी लोकांना, दिसले की सांगते — पण दोनशे चौदा गं! आणि तो न उघडलेल्यांचा लाल आकडा वाढत जातो, सत्तर, ऐंशी, नव्वद — किळस येते मला त्याची, अंगावर पाल पडल्यासारखी. म्हणून सकाळी आल्या आल्या सगळी उघडून टाकते, आकडा जातो. वाचत कोण बसतंय? नुसती उघडते. आणि इथं उघडलं की तिकडे कोर्टात नोंद लागते — बजावलं. आरोपीनं स्वतः उघडलं.

हे तुला माहीत नव्हतं? मग वकील काय म्हणाला तुझा? ईमेल कुणाचा तेवढं विचारून ये, एवढंच? — बोलून बसले मी.

काय लिहितेस? दाखव. ‘समन्स मी उघडलं, आरोपीला कळवलं नाही.’ आणि खाली माझी सही. तीन वाजता सुनावणी, सही असली तर आज घरी, नाहीतर जज्जसाहेब उद्यापासून रजेवर, म्हणजे पंधरा दिवस तो आतच. नोकरीही जाईल, नवीच लागलीय — कळतं गं मला, दगड नाहीये मी. पण सही केली की उरलेले दोनशे तेरा उद्या इथं उभे राहतील. टेबल उचलून फेकतील माझं, परवान्यासकट. सव्वीस वर्षं बसलेय मी या जागेवर, दुसरं काही येत नाही मला.

अशी बघू नकोस. माझ्यामुळं आत आहे तो. म्हटलं, झालं समाधान? माझीच मला घाण वाटतेय, तू रस्ता ओलांडताना दिसलीस तेव्हापासून. तरी नाही करणार सही. घे तो कागद. पेन ठेव, ते माझं आहे. ऊठ आता. जा म्हणते ना!