कुसुम परत जाते का?

अंबरनाथला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून लेक मोबाइलवरचं तिला सांगत होती.

“आई, तुझ्या आवडत्या कादंबरीचा पिक्चर शुक्रवारी बदलापूरला लागतोय.”

“पोस्टरवर कोण आहे?”

“कुसुम आणि तिचा नवरा. दोघं हसतायत.”

“हसतायत? पुस्तकात तर ती त्याचं घर कायमचं सोडते.”

“सुरुवातीचा सीन असेल गं.”

“खाली काय लिहिलंय?”

“‘शेवटी आपलं माणूस ते आपलंच.’”

“बघ! हे तिला परत पाठवणार.”

“न बघताच कसं म्हणतेस?”

“तुझी आजी, मामा, सगळे मला हेच सांगत होते, यशू. परत जा म्हणून. जाऊ नकोस म्हणणारं घरात ते एक पुस्तकच होतं. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस.”

“हे मला कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलं कुठे?”

“मग नको जाऊया का पिक्चरला?”

“जायचं ना. पण कडेच्या खुर्च्या घे. ती परत त्याच्या दारात दिसली, की आपण उठायचं.”