श्रावणचं ओलं गोणपाट

—नाही, सालाची खात्री नाही गं नलू. चौपन्न असेल, पंचावन्नही असेल. फाल्गुन मात्र होता, पळस फुललेला — की पळस मी नंतर मनानंच लावला? जाऊ दे. तू तुझ्या वडिलांबद्दल विचारलंस. बस ना, उभी का?

सेलूकडच्या जंगलात गेलो होतो. बंदूक रूपरावची, परवानाही त्याचाच. माझा शाळेपासूनचा मित्र. मी वर्ध्याला रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणजे जंगलात बिनकामाचा. मांस टिकवायचं काम श्रावणचं — तुझ्या वडिलांचं. मोहाच्या झाडाखाली काठ्यांचा मांडव, त्यावर ओलं गोणपाट, आत मांस टांगायचं. मला म्हणाले, "मास्तर, गोणपाटावर पानी मारत राहा, पन मासाले लागू देऊ नोका. वारं खेळलं पायजे." बाष्पीभवन मी वर्गात शिकवायचो — असं कधी पाहिलं नव्हतं.

पहाटे मारलेलं चितळ रूपरावनं दुपारी जीपमधून आणलं, पोट साफ केलेलं. तुझ्या वडिलांनी मांडीला हात लावला. "मालक, हे तं गरमच हाये. पोट कवा फाडलं? उशीर झाला तं मास आतून नासते."

"मारल्याबरोबर. तू मले शिकवून राह्यला काय?"

संध्याकाळी सेलूला रूपरावकडे तीस पाहुणे, आणि मांस आंबूस. रूपराव सगळ्यांसमोर म्हणाला, "श्रावण्यानं पानी लावलं मासाले. इचारा मास्तरले, तो होता ना तेथं."

होतो. अख्खी दुपार होतो. गोणपाट मांसापासून वीतभर दूर होतं, मी डोळ्यांनी पाहत होतो — आणि मी म्हणालो, "असेल." हे तुला सांगायचं नव्हतं खरं तर. का म्हणालो? रूपराव खोटं बोलणार नाही, तेव्हा माझे डोळेच चुकले असतील — असाच मी, आयुष्यभर. तुझे वडील गोणपाट घडी करून निघून गेले. पुढे शिकारीला त्यांना कुणी बोलावलं नाही. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या त्यांनी — तू तिथलीच ना?

बरं, चहा नको तर नको. जा, तुझी गाडी असेल. एवढंच ऐकून जा — रूपराव गेल्यावर त्याच्या बैठकीत एक फोटो दिसला. जीपच्या बॉनेटवर चितळ, पोट टम्म फुगलेलं, कुठंही चीर नाही. त्याच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं. तेच चितळ. फोटोवाल्याची वाट पाहत तीन तास उन्हात ठेवलं होतं. पोट त्यानंतर फाडलं.